औषधोपचारांमुळे सर्जनशीलता कमी होते का?

प्रश्न (शब्दवेल्हाळ): मी कविता लिहिते. अलीकडेच मला बायपोलर विकाराचे (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे टप्पे येणारा आजार) निदान झाले असून डॉक्टरांनी लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध सुचवले आहे. ज्या रात्री झोप उडते आणि ओळींमागून ओळी सुचत राहतात, त्याच रात्री माझे सर्वोत्तम लेखन होते, असे मला वाटत आले आहे. त्यामुळे आजाराबरोबर कविताही जाईल की काय, ही भीती पाठ सोडत नाही. ती कितपत खरी आहे?

मनोगती: आजार आणि सर्जनशीलता यांचा संबंध आहे, पण प्रचलित समजुतीइतका सरळ नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी १९८७ मध्ये आयोवाच्या लेखन कार्यशाळेतील ३० लेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८० टक्के जणांना कधी ना कधी मनःस्थितीचा विकार झाला होता, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते. हाच आकडा सगळीकडे सांगितला जातो. गट किती लहान होता, हे मात्र कोणी सांगत नाही. स्वीडनमध्ये सायमन क्यागा आणि सहकाऱ्यांनी सुमारे १२ लाख रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्या नोंदी तपासल्या (२०१३). सर्जनशील व्यवसायांत बायपोलर वगळता मनोविकारांचे प्रमाण एकंदरीत जास्त आढळले नाही. लेखकांच्या बाबतीत मात्र ते जास्त होते, आत्महत्येचेही, आणि म्हणूनच उपचार लांबवू नका, असे मी कळकळीने सांगेन. बायपोलर रुग्णांचे निरोगी नातेवाईकही सर्जनशील व्यवसायांत अधिक दिसले. घराण्यात जे उतरते, ते आजार न होताही फुलू शकते, असा याचा अर्थ मी लावतो.

रेखाटन: मी चित्रकार आहे आणि लिथियम घेतो. सुरुवातीला हात सूक्ष्म कापत असे, बारीक ब्रशने सरळ रेघ ओढता येत नसे. डॉक्टरांना ती रेघच नेऊन दाखवली. त्यांनी रक्तातील पातळी तपासून मात्रा कमी केली आणि कंप बराच ओसरला. डॅनिश मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शू यांनी १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांची माहिती मांडली होती: १२ जणांची निर्मिती वाढली, ६ जणांची तशीच राहिली आणि ६ जणांची घटली. तेव्हा आपली भीती निराधार नाही, पण पारडे उपचारांच्या बाजूने झुकते. व्हॅन गॉगनेही सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातील बहुतेक चित्रे आजाराच्या झटक्यांच्या मधल्या, शांत काळात काढली.

अर्धविराम: 'सर्वोत्तम' या शब्दाबद्दल थोडे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइसबर्ग यांनी, बायपोलर असावेत असे मानल्या जाणाऱ्या संगीतकार शूमान यांच्या रचनांची वर्षवार तपासणी केली, तेव्हा उत्साहाच्या वर्षांत रचनांची संख्या वाढलेली दिसली, दर्जा मात्र वाढलेला दिसला नाही. त्या रात्रींची वही काही आठवड्यांनी, नीट झोप झालेल्या सकाळी वाचून पाहा. किती ओळी टिकतात, ते आपणच ठरवा.

शब्दवेल्हाळ: आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. गोळ्या सुरू करते आहे. लेखनात फरक जाणवला, तर परस्पर बंद न करता वही घेऊन डॉक्टरांकडे जाईन.