मदत हवी आहे: पाळीत इस्ट्रोजेन तळाला, मग नव्या रक्तवाहिन्या वाढवतं कोण?

नमस्कार मंडळी,

सेमिनारला 'प्रजनन संस्थेतली रक्तवाहिन्यांची वाढ आणि संप्रेरकं' हा विषय हौसेनं घेतला, आता पस्तावतोय.

अंडाशयाचा भाग कळला (असं वाटतंय). स्लाइडवर पक्व पुटिका (अंडं वाढवणारी पिशवी) पाहिली, तर ग्रॅन्युलोसाच्या, म्हणजे आतल्या पेशींच्या, थरात एकही केशवाहिनी नाही, सगळ्या बाहेरच्या थीका थरात अडलेल्या. एलएचची (अंडं सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची) लाट येते, अंडं सुटतं, मधलं पटल विरतं आणि वाहिन्या आत घुसतात. शेजारच्याच स्लाइडवर पीतपिंड (अंडं सुटल्यावर पुटिकेचा होतो तो) होता, त्यात जवळपास प्रत्येक पेशीला केशवाहिनी खेटलेली! एलएचमुळे पेशी व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारं प्रथिन) सोडतात आणि वाहिन्या त्या दिशेनं वाढतात. १९९८ साली रॅटमध्ये व्हीईजीएफ अडवून पाहिलं, तर पीतपिंड नीट तयारच झाला नाही.

गाडी अडते ती गर्भाशयाशी. नोट्समध्ये एक ओळ आहे: इस्ट्रोजेन व्हीईजीएफ वाढवतं, म्हणून वाहिन्या वाढतात. पण अस्तराची डागडुजी तर पाळी चालू असतानाच सुरू होते, आणि तेव्हा इस्ट्रोजेन अगदी कमी असतं. त्यात २००१ चा उंदरांवरचा एक पेपर वाचला. त्यात इस्ट्रोजेन वाहिन्या नुसत्या पाझरायला लावतं, वाढ उलट रोखतं. वाढवतं ते प्रोजेस्टेरॉन. डोकं गरगरलं. कुणी सोडवून सांगेल का?

प्रतिसाद १:
तुम्ही सगळ्याला एकच मालक शोधताय. प्रोजेस्टेरॉन उतरलं की सर्पिल धमन्या आकसतात, अस्तराला ऑक्सिजन कमी पडतो. मग पेशींत एचआयएफ-१ (ऑक्सिजन कमी असला की न मोडणारं प्रथिन) टिकून राहतं आणि ते व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. डागडुजीला संप्रेरकाची वाट पाहावी लागत नाही. इस्ट्रोजेनचा वाटा मुख्यतः पुढच्या वाढीच्या दिवसांत. आणि प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांना पाळी येतच नाही, तेव्हा तो निकाल थेट माणसाला लावू नका.

धागाकर्ता:
धन्यवाद! पण मग वाहिन्या शिरेपर्यंत ग्रॅन्युलोसातही ऑक्सिजनची टंचाईच असणार ना? तिथे काम एलएचचं की टंचाईचं?

प्रतिसाद २:
दोन्हींचं. शिवाय एचसीजी (गर्भारपणातलं, एलएचसारखं संप्रेरक) दिलं, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही त्या पेशींत एचआयएफ-१ वाढतं. पेशीवर एलएच ज्या रिसेप्टरला चिकटतं, त्यालाच एचसीजीही चिकटतं.

धागाकर्ता:
म्हणजे 'कळलेला' भागही परत लिहायचा. बसतो.