जिल्हा रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकांसाठी आंघोळीची-झोपायची सोय कुणी करून घेतली आहे का?

नमस्कार मंडळी,

सासरे सध्या आमच्या जिल्हा रुग्णालयात आहेत. उपचारांबद्दल तक्रार नाही, डॉक्टर-सिस्टर मनापासून करतात. प्रश्न सोबत राहणाऱ्यांचा आहे.

पेशंटला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं, रक्ताचे नमुने लॅबला पोचवणं, सगळं नातेवाईकच करतात. आणि त्यांनाच आंघोळीला जागा नाही. रात्री जिन्याखाली सतरंज्या पसरायच्या, पहाटे मावशी फरशी पुसायला आल्या की गुंडाळायच्या. हात धुवायच्या बेसिनमध्येच डबे घासतात. शितं जाळीत अडकून पाणी तुंबतं, तिथेच हात बुचकळून माणूस पेशंटला भरवायला जातो. मग इन्फेक्शन होणार नाही तर काय? बायकांचे हाल तर विचारूच नका. बाथरूमला कडी नाही, त्यामुळे एकीने आत जायचं आणि दुसरीने दार धरून उभं राहायचं. पॅड टाकायला साधा झाकणाचा डबासुद्धा नाही.

मुंबईत टाटाच्या पेशंटांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. आमच्याकडे तालुक्यातून एसटीने येणाऱ्याला व्हरांडाच. शिवाय आयसीयूतून कधी हाक येईल सांगता येत नाही, त्यामुळे लांबची धर्मशाळा असून उपयोग नाही. सोय आवारातच हवी.

आम्हा काही नातेवाइकांची मागणी साधी आहे: बायका-पुरुषांची वेगळी न्हाणीघरं, भांड्यांना वेगळी मोरी, कपडे वाळत घालायला दोऱ्या, रात्री पाठ टेकायला छपराखाली ओटा. रुग्ण कल्याण समितीच्या (सरकारी रुग्णालयातल्या सोयींवर खर्च करणारी तिथलीच समिती) निधीतून हे कुठे झालंय का? अर्ज सिव्हिल सर्जनकडे, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांकडे द्यावा की थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे? कायाकल्प पुरस्कारासाठी रुग्णालयांची स्वच्छता तपासतात, तो मुद्दा अर्जात घातला तर वजन पडेल का?

बांधकामाला आमदार निधी मिळेलही, मला खरी काळजी आहे ती रोजच्या सफाईची. सुलभसारखं पैसे घेऊन चालवलं तर टिकेल, पण महिनाभर राहणाऱ्या मजुराला रोजचे तेवढेही जड जातात. पेशंटच्या केसपेपरवर एका नातेवाइकाला मोफत, असं कुणी चालवून दाखवलंय का? सफाईचा पगार कोण देतं?

पुढच्या आठवड्यात आम्ही सिव्हिल सर्जनना भेटणार आहोत. अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका.