वुडपिजनसाठी (इंग्लंडातलं मोठं रानकबुतर) डिकॉय (आमिष म्हणून मांडायचे नकली पक्षी) कोणते घ्यावेत?

नॉर्फोककर: इथे इंग्लंडात ओळखीच्या शेतकऱ्याने वुडपिजन मारून वाटाणा वाचवायला बोलावलंय, शॉटगन सर्टिफिकेट आहे, पण प्लास्टिकचे डिकॉय मांडले की कबुतरं वरूनच वळतात, असं का होतं?

जुना_गडी: चकाकतात ना ते, पावसात तर जास्तच. फ्लॉक केलेले (मखमलीसारखा थर दिलेले), न चमकणारे घे. घोड्याच्या नालेसारखे मांड, तोंडं साधारण वाऱ्याकडे, मधे उतरायला मोकळी जागा, हाइडपासून (तुझ्या लपायच्या आडोशापासून) २०-२५ यार्डांवर.

रानवाट: पण अगदी कवायतीसारखे रांगेत नकोत रे. कावळेही मारायचे असतील तर त्यांच्यासाठी काळे डिकॉय वेगळे बाजूला लाव, आणि चेहरा झाक, कावळा लगेच हेरतो. जीएल४२ लायसन्सच्या (पिकाचं मोठं नुकसान टाळायला ठरावीक पक्षी मारायची सरकारी परवानगी) अटी वाचल्यास ना?

नॉर्फोककर: हो. स्टॉक डव (वुडपिजनसारखंच दिसणारं दुसरं कबुतर) मारलेलं चालतं का?

जुना_गडी: अजिबात नाही! पंखावर पांढरा पट्टा दिसला तरच वुडपिजन.