जमैकाच्या वादळाची जोखीम गुंतवणूकदारांच्या गळ्यात : मला हा सौदा योग्य वाटतो, तुम्हाला?

दर्यावर्दी :

२८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा चक्रीवादळ जमैकाच्या वेस्टमोरलंड भागात न्यू होपजवळ किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी सुमारे ३०० कि.मी., केंद्रातला दाब ८९२ मिलिबार (दाब जितका कमी, तितकं वादळ जबर). ब्लॅक रिव्हर हे गाव ओळखू येईना अशी अवस्था झाली. नोव्हेंबरातच जागतिक बँकेने जाहीर केलं की जमैका सरकारला आपत्ती रोख्याचे, म्हणजे कॅट बॉण्डचे, पूर्ण १५ कोटी डॉलर मिळणार. पंचनामा नाही, सर्व्हेअर नाही. दाबाचा आकडा पाहिला आणि रक्कम ठरली.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २०२४ मध्ये जागतिक बँकेने हे रोखे विकले. गुंतवणूकदारांनी १५ कोटी डॉलर आधीच बँकेकडे ठेवले. जमैकाच्या भोवती नकाशावर चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनासाठी दाबाचा एक आकडा ठरवला. वादळ त्या चौकोनातून जाताना दाब त्या आकड्याइतका किंवा त्याखाली गेला, तर मुद्दल, पूर्ण किंवा त्याचा ठरलेला हिस्सा, जमैकाचं. चार हंगाम, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत, तसं घडलं नाही, तर मुद्दल गुंतवणूकदारांना परत. मधल्या काळात त्यांना जोखमीपोटी, जमैकाच्या हप्त्यातून, वर्षाला ७ टक्के, शिवाय ठेवीवरचं व्याज.

याला सट्टा म्हणणारे बरेच भेटतात, म्हणून हे लिहितोय. गावातल्या शंभर घरांनी मिळून आगीचा विमा काढला तर एक घर जळतं आणि नव्याण्णव मिळून ते उभं करतात. बेटावर वादळ आलं की शंभरच्या शंभर घरांची छपरं एकाच रात्री उडतात. मग भरायचं कोणी? १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळाने फ्लोरिडात विमा कंपन्यांचं असंच दिवाळं वाजवलं. पुनर्विमा देणाऱ्यांची, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांची, तिजोरीही अपुरी पडते हे तेव्हा कळलं, आणि त्यातूनच ही जोखीम शेअर-रोखे बाजारात नेण्याची कल्पना रुजली. तिथे पैसा किती तरी पटींनी मोठा आहे. झळ जमैकाबाहेरच्या हजारो खिशांत वाटली गेली तर वाईट काय?

हापूसवाला :

वाईट काय ते सांगतो. तुम्ही मेलिसापासून सुरुवात केलीत. त्याच रोख्याचं पहिलंच वर्ष बघा. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं. ट्रेझर बीचच्या कोळ्यांची घरं गेली, शेतं झोपली. रोख्यातून किती मिळाले? शून्य. चौकोनातला दाब पुरेसा उतरला नव्हता म्हणे.

मी रत्नागिरीकडचा आंबा बागायतदार. हवामान आधारित फळपीक विमा आम्ही बरीच वर्षं भरतोय. ट्रिगर हा शब्द आमच्याकडे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. ठराविक तापमान सलग ठराविक दिवस राहिलं तर भरपाई, आणि ते मोजणार महसूल मंडळातलं हवामान केंद्र. माझी कलमं कातळावर, केंद्र खाली नदीकाठी झाडीत. एका वर्षी एप्रिलात कैरी उन्हाने भाजून देठाशी काळी पडली. सकाळी झाडाखाली टोपल्या भरून गोळा केली. केंद्राच्या कागदावर मात्र एक दिवस तापमान अर्ध्या अंशाने खाली, म्हणजे 'सलग' मोडलं. शेजारच्या मंडळात पैसे आले, आमच्यात नाहीत. माझ्या बायकोने विचारलं, "अर्ध्या अंशाने कैरी परत झाडाला लागते का?" मला उत्तर देता आलं नाही.

आकड्याला आमचं नुकसान दिसत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो.

माजी सर्व्हेअर :

हापूसवाले, तुमचं दुःख खरं आहे. पण दुसरी बाजू मी तीस वर्षं पाहिली आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आलं. त्यानंतर मी त्या पट्ट्यात दाव्यांच्या पाहणीला फिरत होतो. वीज नाही, रस्त्यावर सुपारीची झाडं आडवी, घरात कागदपत्रं भिजून लगदा झालेली. एका आजींनी पॉलिसीचा कागद पत्र्याच्या डब्यातून काढला तर शाई पूर्ण उतरलेली. मी कौलं मोजत होतो आणि त्या विचारत होत्या, पाऊस थांबेपर्यंत वर काय घालू? पाहणी काटेकोर झाली, प्रामाणिक झाली, पण पैसे यायला वेळ लागला. तोवर लोकांनी सावकाराकडून पत्रे घेतले.

आपत्तीत पहिल्या महिन्याचा रुपया सहाव्या महिन्याच्या रुपयापेक्षा मोठा असतो. ट्रिगर आंधळा आहे, मान्य. पण तो थांबत नाही आणि 'साहेब, अजून एक दाखला आणा' असं म्हणत नाही.

रोखठोक :

थांबत नाही? जागतिक बँकेचेच २०१७ चे साथरोग रोखे आठवा. ३२ कोटी डॉलरचे. पूर्व काँगोत २०१८ पासून इबोलाने दोन हजारांहून जास्त माणसं मेली, पण रोख्याचा पैसा सुटला नाही. कारण अटीनुसार दुसऱ्या एखाद्या देशातही किमान २० मृत्यू हवे होते. विषाणूने सीमा ओलांडून पुरेसे जीव घेतले नाहीत म्हणून मदत नाही! कोविडमध्ये पैसे मिळाले, पण एप्रिल २०२०च्या मध्यात, तोवर साथ जगभर पसरली होती. तहान लागल्यावर विहीर खणणं यालाच म्हणतात. आणि जास्त जोखमीच्या हिश्श्यावर गुंतवणूकदारांना ११ टक्क्यांहून जास्त मिळत होते.

जमैकाचाही हिशोब मांडू. १५ कोटींवर ७ टक्के म्हणजे वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर. २०२१ ला काढलेला १८.५ कोटींचा आधीचा रोखा एक पैसा न देता संपला. मेलिसाचं नुकसान जागतिक बँकेच्याच अंदाजाने ८८० कोटी डॉलर, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ४१ टक्के. त्यात १५ कोटी म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. वातावरण तापवलं मोठ्या देशांनी आणि हप्ता भरायचा लहान बेटाने, हे मला पटत नाही. हा विषय विम्याचा नाही, देण्याचा आहे.

झुरिककर :

मी अशाच रोख्यांची जोखीम मोजण्याचं काम करते, त्यामुळे पक्षपाती वाटले तर वाटू दे.

रोखठोक, साथीच्या रोख्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो चुकीचा बांधला होता. साथ माणसांच्या हालचालींनी आणि सरकारांच्या आकडे देण्या-न देण्याने वाढते. वादळाचा दाब कुणाला लपवता येत नाही. पण आधीच्या रोख्याच्या हप्त्याला अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीच्या मदतनिधीचा हातभार होता, हेही धरा. तुमचा 'देणं' हा मुद्दा तिथे थोडासा तरी पोचला होता. थोडासाच.

हापूसवाल्यांना मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्यांच्या बाजूचा एक दाखला मीच देते. मेक्सिकोत २०१५ मध्ये पॅट्रिशिया वादळ विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर आलं आणि रोख्याचे ५ कोटी डॉलर मिळाले, तेही दाबाच्या आकड्यावर महिनोन् महिने खल झाल्यावर. २०२३ ला ओटिस थेट अकापुल्को शहरावर आलं, लाखोंची वस्ती उद्ध्वस्त झाली, तरी १२.५ कोटींपैकी निम्मेच मिळाले. दोन्ही वेळा करार अक्षरशः पाळला गेला. दाब वादळाची ताकद सांगतो, खाली कोण राहतं ते सांगत नाही.

पैसा कुणाचा, यावरही बोलायला हवं. 'सट्टेबाज' म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळीच माणसं येतात. या बाजारात कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडासारखे मोठे फंड आहेत. त्यांना हे रोखे हवेत कारण शेअर बाजार कोसळला म्हणून वादळ येत नाही. २०११ च्या जपानच्या भूकंपात मुतेकी नावाच्या रोख्याचे ३० कोटी डॉलर गुंतवणूकदारांनी पूर्ण गमावले. तक्रार करून ते परत मागता येत नाहीत, आणि हे मला या व्यवस्थेतलं सगळ्यात न्याय्य अंग वाटतं.

दर्यावर्दी :

रोखठोक, शंभरात दोन हा आकडा खरा आहे आणि टोचतो. पण जमैकाने सगळा भार या रोख्यावर टाकलेला नव्हता. लहान, वारंवार येणाऱ्या तडाख्यांसाठी स्वतःचा राखीव निधी, मधल्यांसाठी बँकांकडून आधीच मंजूर करून ठेवलेलं कर्ज आणि कॅरिबियन देशांचा सामायिक विमा निधी सीसीआरआयएफ, आणि सगळ्यात वर, क्वचित येणाऱ्या भयंकर वादळासाठी, हा रोखा. बेरिलच्या वेळी रोखा गप्प राहिला, पण सामायिक निधीने जमैकाला पैसे दिले होते. माझ्या मूळ लिखाणात हे यायला हवं होतं. चूक माझी.

म्हणून माझा मुद्दा आता जरा बदलून मांडतो. असा रोखा एकट्याने घेतला तर फसवणूक वाटेल. खालच्या पायऱ्या बांधलेल्या असतील तरच तो घ्यावा. आणि सरकारने लोकांना आधी सांगावं की हा फक्त सर्वांत मोठ्या वादळासाठी आहे. बेरिलनंतर जमैकात जो संताप झाला तो बराचसा हे न कळल्यामुळे झाला, असं माझं मत.

रोखठोक :

पायऱ्या बांधल्या हे कौतुकास्पद. पण त्या कोणाच्या चुकीसाठी बांधाव्या लागल्या, हा प्रश्न मी सोडणार नाही.

हापूसवाला :

झुरिककर ताई, तुम्ही आमच्या बाजूचा दाखला स्वतःहून दिलात, बरं वाटलं.

मी ट्रिगरच्या विरोधात नाही. सर्व्हेअर साहेबांचं पहिल्या महिन्याच्या रुपयाचं बोलणं मला पटलं, आंब्यालाही ते लागू आहे. माझं भांडण मोजणाऱ्याशी आहे. जमैकाचा दाब मायामीचं हरिकेन सेंटर मोजतं, विमानं वादळात घालून. आमच्या मंडळातल्या केंद्रावर शेजारच्या आंब्याची फांदी वाढून सावली पडते. हात लावला तर यंत्राशी छेडछाड होईल, म्हणून फांदी छाटायचा अर्ज मी रीतसर दिला. पोच जपून ठेवली आहे. या हंगामातही फांदी तिथेच होती.