मांजर केसांचे गोळे ओकतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याला राहतो. आमची चिंगी ४ वर्षांची, लांब केसांची पर्शियन. महिन्या-दीड महिन्यात एखादा गोळा पडायचा, त्याचं काही वाटत नव्हतं. पण या पंधरवड्यात ३ वेळा झालं. काल पहाटे सोप्यावर मान लांब करून, पोट आत ओढत खॅक-खॅक सुरू. शेवटी बोटाएवढी, ओली, करडी सुरळी बाहेर आली. (मी आधी पाल समजून ओरडलेच!)

खाणं-पिणं, शी व्यवस्थित आहे. नुसतीच उबळ येऊन काही पडलं नाही, किंवा खाणं सुटलं, तर थांबायचं नाही, थेट डॉक्टर, एवढं माहीत आहे. मांजरांचा दमाही असाच दिसतो म्हणे, म्हणून व्हिडिओ काढून ठेवलाय.

शेजारची मावशी म्हणते चमचाभर खोबरेल पाज. मला धीर होत नाही; जबरदस्तीने ओतलेलं तेल फुफ्फुसात गेलं तर? माल्ट पेस्ट (गिळलेले केस पोटातून पुढे सरकावेत म्हणून मांजरांना चाटवतात ती) कुणी वापरलीय का, किती दिवसांनी देता? आणि पोटाखालचे केस विंचरू देत नाही, चावते. बांगड्याची लाच दाखवूनही! तुम्ही कसं जमवता?