फास्ट इग्निशन: वेगवान इलेक्ट्रॉन सरळ का जात नाहीत?

सिन्नरकर:
एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारला फास्ट इग्निशन (लेसरने अणुसंमीलन पेटवायची एक पद्धत) घेतलंय. मूळ कल्पना कळली. आधी लेसरने इंधन दाबायचं, मग पिकोसेकंदांच्या दुसऱ्या लेसरने एका कडेला ठिणगी टाकायची. १९९४ साली अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या मॅक्स टबॅक आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. दाट प्लाझ्मात (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेल्या तप्त वायूत) लेसर शिरत नाही, म्हणून ऊर्जा इलेक्ट्रॉनांनी न्यायची. पण ते जवळपास प्रकाशाच्या वेगाने निघतात, मग शंभर मायक्रॉन जायला अडचण कसली? आणि ते गेले हे कळतं कसं?

उलटा_प्रवाह:
आधी आकडेमोड कर. १० किलोज्यूल, प्रत्येकी १ एमईव्हीचे (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे) इलेक्ट्रॉन, १० पिकोसेकंद. प्रवाह येतो शंभर कोटी अँपिअर. एवढा प्रवाह एकटा गेला तर त्याचंच चुंबकीय क्षेत्र त्याला माघारी वळवेल. तो जातो, कारण प्लाझ्मातले थंड इलेक्ट्रॉन तेवढ्याच संख्येने उलटे धावतात. ते मंद, त्यामुळे आपटत जातात; तिथे रोध येतो, विद्युत क्षेत्र तयार होतं, झोत तंतूतंतू होऊन फाटू शकतो.

स्फटिक:
याच विषयात माझी पीएच.डी. झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या मते खरं दुखणं पसरण्याचं आहे. झोताची त्रिज्या २० मायक्रॉन आणि पसरण्याचा अर्धकोन ४५° धर. शंभर मायक्रॉनवर त्रिज्या १२० होते. पेटवायचा ठिपका २० चाच, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने छत्तिसावा भाग कामी आला.

आता दिसतात कसे. लक्ष्यात तांबं मिसळतात. वेगवान इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि ८.०५ केईव्हीचा (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे १ केईव्ही) क्ष-किरण निघतो. गोलाकार वाकवलेला क्वार्ट्झ स्फटिक नेमका तोच किरण इमेज प्लेटवर (क्ष-किरणांची नोंद साठवणाऱ्या पट्टीवर) आणतो. शॉट झाला की अंधूक उजेडात प्लेट काढायची आणि दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी स्कॅन करायची, कारण नोंद आपोआप फिकट होत जाते. एकदा माझ्या चित्रात ऐन मधोमध काळसर डाग आला. झोत तिथवर पोचलाच नाही असं मी आठवडाभर धरून चालले होते. खरं तर तिथलं तांबं इतकं तापलं होतं की त्याच्या क्ष-किरणाची ऊर्जा सरकून स्फटिकाच्या अरुंद पट्ट्याबाहेर गेली होती. म्हणून अंधार दिसला तर आधी तापमान तपास.

सिन्नरकर:
ताई, हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं! पसरणं थांबवता येतं का?

स्फटिक:
पूर्ण नाही. इंधनाच्या कवचात सोन्याचा शंकू खुपसून अंतर कमी करतात. ओसाकाच्या कोडामांच्या गटाने २००१ साली ते करून दाखवलं. रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरवर तांबं मिसळलेल्या कवचांत इलेक्ट्रॉन कुठे ऊर्जा टाकतात ते थेट पाहिलं. २०१६ च्या त्या निबंधात जास्तीत जास्त ७ टक्के ऊर्जा गाभ्याकडे पोचल्याचं आहे. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून झोत बांधायचे प्रयत्नही झालेत. आणि कुलाब्याच्या टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) २०१२ चं काम सोडू नकोस: एका दिशेत उभ्या कार्बन नॅनोनळ्यांच्या दाटीतून मेगाअँपिअर प्रवाह मिलिमीटरभर नेला होता. सेमिनारला त्याची आकृती फळ्यावर हाताने काढ, दिशा लगेच कळते.