‘कुरेनाइ’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, माझ्या पुतणीला जपानी ‘व्हिज्युअल केइ’ संगीताचं वेड आहे. रंगवलेले चेहरे, उभारलेले केस आणि प्रचंड वेगाचं रॉक. एक्स जपान हा तिचा सगळ्यात लाडका बँड. त्यांचं १९८९चं ‘कुरेनाइ’ हे गाणं ती रोज ऐकते. काल तिने शीर्षकाचा अर्थ विचारला. इंग्रजीत सगळीकडे ‘क्रिमझन’ दिलंय, म्हणून मी ‘किरमिजी’ सांगितलं. पण मनाला पटलं नाही. आणखी चांगला शब्द आहे का? आणि ‘केइ’ म्हणजे काय?

—

‘किरमिजी’ चूक नाही, पण तो इंग्रजीतून फिरून आलेला शब्द झाला. ‘क्रिमझन’ आणि ‘किरमिजी’ दोघांचं मूळ एकच, किरमिज. तो किड्यापासून काढायचा रंग. जपानी शब्दात किडा नाही, फूल आहे.

‘कुरेनाइ’ची फोड ‘कुरे-नो-आइ’ अशी करतात. ‘कुरे’ म्हणजे चीनमधलं जुनं वू राज्य. ‘आइ’ म्हणजे खरं तर नीळ, पण इथे रंगाचं द्रव्य एवढाच अर्थ. थोडक्यात, समुद्रापलीकडून आलेला रंग. आणि तो निघतो कशातून? आपल्या करडईच्या फुलातून! जपानीत या फुलाला ‘बेनिबाना’ म्हणतात, यामागाता प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. ‘कुरेनाइ’ आणि ‘बेनि’ एकाच चित्राक्षराचे दोन उच्चार. ‘कुची’ म्हणजे तोंड, म्हणून लिपस्टिक ‘कुचिबेनि’. चेहरे रंगवून उभ्या राहणाऱ्या बँडच्या गाण्याला हे नाव किती शोभतं पाहा.

करडईला संस्कृतात कुसुंभ म्हणतात आणि त्या रंगाला मराठीत जुना, सुंदर शब्द आहे: कुसुंबी. माझं मत ठाम आहे, ‘कुरेनाइ’ म्हणजे कुसुंबी.

आजोळी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्या, गुरं आत शिरू नयेत म्हणून. फूल उमलताना पिवळंधमक, सुकता सुकता केशरी-तांबडं. काढणीला बाया पहाटेच जायच्या, दवाने काटे मऊ असतात तोवर. यामागातातही फुलं भल्या सकाळीच खुडतात, आणि कारण तेच. पाकळीत पिवळा रंगच फार, तो पाण्याने धुऊन जातो. तांबडा अगदी थोडा, तो राखेच्या क्षारपाण्यात उतरवायचा आणि मग आंबट घालून कापडावर बसवायचा.

—

व्युत्पत्ती छान आहे, पण मला ‘कुसुंबी’ इथे खटकतो. कुसुंबी म्हटलं की साडी आठवते, सण आठवतो. हे गाणं आक्रोशाचं आहे, ड्रम काळजावर आदळतात. ‘रक्तवर्णी’ का नको?

—

कारण गाण्यात रक्त सांडत नाही, रंग चढतो. हे गाणं लिहिणारे बँडचे ड्रमर योशिकी, त्यांच्या ध्रुवपदाचा आशय असा: या रंगात रंगून गेलेल्या मला धीर द्यायला आता कुणी नाही. तिथलं क्रियापद आहे ‘सोमारु’, म्हणजे रंगणे. रंगाऱ्याकडच्या कापडाचं क्रियापद! ‘रक्तवर्णी’ घातलं की ते कापड हातातून सुटतं.

शिवाय हा रंग टिकत नाही. उन्हाने विटतो, धुतल्याने जातो. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात कवी ओतोमो नो याकामोची परस्त्रीच्या नादी लागलेल्या एका कारकुनाला बजावतो की कुरेनाइ विटणारच, अंगवळणी पडलेल्या साध्या कपड्याची सर त्याला नाही. तो साधा कपडा म्हणजे घरची बायको. आणि आपल्याकडे? विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात प्रेमाचे तीन रंग आहेत. नीलीराग फार झळकत नाही पण जात नाही. मंजिष्ठाराग झळकतो आणि टिकतो. कुसुंभराग झळकतो आणि निघून जातो. दोन्हीकडच्या कवींनी एकाच फुलात एकच गोष्ट पाहिली. सोडून गेलेल्या प्रेमाचं हे गाणं आहे, मग याहून नेमका शब्द कुठून आणायचा? पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी गाणं पुन्हा लावलं. सुरुवातीची ती हळुवार गिटार वेगळीच ऐकू आली.

—

पटलं. ‘रक्तवर्णी’ मागे घेतो. ‘केइ’बद्दल मी सांगतो. सूर्यमालेला जपानीत ‘ताइयोकेइ’ म्हणतात, त्यातलाच हा ‘केइ’. एका धाग्याने जोडलेला समूह. मराठीत ‘शैली’ म्हणतात, पण मला ‘पठडी’ जवळचा वाटतो. ‘व्हिज्युअल’ कुठून आलं ते पाहायचं तर ‘ब्लू ब्लड’ या १९८९च्याच अल्बमवर छापलेलं त्यांचं घोषवाक्य वाचा, त्यात ‘व्हिज्युअल शॉक’ असे शब्द आहेत. तेव्हा बँडचं नाव नुसतं एक्स होतं, ‘जपान’ १९९२मध्ये जोडलं.

आणि उच्चार कु-रे-ना-इ असा चार मात्रांचा, म्हणून शेवटी ऱ्हस्व ‘इ’ लिहावी. मैफलीत गायक तोशी ‘कुरेनाइ दा!’ असं ओरडून गाणं सुरू करतो. ‘दा’ म्हणजे ‘आहे’.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. पुतणीला ‘कुसुंबी’ सांगितलं, करडईचं फूलही फोटोत दाखवलं. आई शेजारी बसली होती. म्हणाली, तिच्या आजीचं एक लुगडं याच रंगाचं होतं, कधी उन्हात वाळत घालायचं नाही, सावलीतच.